अक्कांचं खोकं

मी नोकरीसाठी बंगलोरला आलो तेव्हा माझी पक्की समजूत होती, की मराठी ही पुण्याची मालमत्ता आहे आणि बाकीचे लोक ती आमच्या परवानगीनं वापरतात. सुमित्राक्कांनी ही समजूत पहिल्याच दिवशी, कँटीनच्या रांगेत, चारचौघांत उतरवली.

मी वाढणाऱ्याला म्हटलं, "एक उपमा."

मागून आवाज आला, "खारा बात म्हण की रे. त्याला त्याचं नाव आहे."

वळून बघतो तर एक उंच, सावळ्या बाई. केसांत कनकांबराचा, म्हणजे आमच्या अबोलीचा, गजरा, पदर कमरेला खोचलेला, खांद्यावर एखाद्या पोस्टमननं वापरावी तसली चामड्याची पिशवी.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"तीनशे वर्षं झाली, अजून विचारतात," त्या रांगेतल्या बाकीच्यांना म्हणाल्या. मग मला, "आम्ही इथं घोड्यावरून आलो. तू कशानं आलास?"

"व्हिडिओ कोचनं."

"मग गप खा."

त्यांचं पूर्ण नाव सुमित्रा राव. राव हे आडनाव कसं काय, असं मी पुढं विचारलंच, कारण असले प्रश्न विचारल्याशिवाय मला जेवण जात नसे. त्या म्हणाल्या, "इथं राहिलं की सगळ्यांचे रावच होतात. तू पण होशील, स्वल्प थांब." घरात त्या मराठी बोलायच्या, नोकरीत कन्नड, साहेबांशी इंग्रजी, आणि रिक्षावाल्याशी या तिन्हींतलं जे जास्त झोंबेल ते. सगळा कारखाना त्यांना अक्का म्हणायचा. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला वॉचमनसुद्धा.

आमचा कारखाना बोम्मसंद्र्याला, होसूर रोडला लागून होता. भिंगं घासायची, नळ्यांत बसवायची, आणि त्यांतून शाळा-कॉलेजचे मायक्रोस्कोप, जमीन मोजणाऱ्यांच्या दुर्बिणी, पक्षी बघणाऱ्यांच्या दुर्बिणी असलं काहीबाही करायचं. मालकांना सगळे राघवेंद्र सर म्हणत. सर सरकारी कारखान्यातली चांगली नोकरी सोडून या धंद्यात पडले होते आणि आपलं भिंग जर्मनीच्या तोडीचं आहे असं दिवसातून एकदा तरी म्हणायचे. मी खरेदीत होतो. अक्कांकडं परदेशी जाणारा माल होता. आमची टेबलं शेजारी शेजारी, त्यामुळं त्यांची बोलणी खाणं हा माझ्या कामाचाच भाग झाला.

अक्का फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झालेल्या होत्या आणि ते कुणाला विसरू देत नसत. नवरा अचानक गेला तेव्हा मुलगी लहान होती. सर स्वतः त्यांच्या घरी गेले, भिंतीला टेकून जमिनीवर बसले आणि म्हणाले, सोमवारपासून कामावर ये. ही गोष्ट अक्कांनी मला निदान चार वेळा सांगितली. दर वेळी "जमिनीवर बसले रे" इथं त्यांचा आवाज जरा खाली यायचा. सरांविरुद्ध कुणी ब्र काढला की त्या अंगावर यायच्या.

त्यांचं एक वेड होतं. वस्तूला तिचं नाव पाहिजे. मी एकदा मालाच्या यादीत शेवटी 'इतर' असं लिहिलं. तो कागद माझ्या टेबलावर परत येऊन आदळला.

"इतर कुठल्या झाडाला लागतात?"

"अक्का, किरकोळ वस्तू आहेत हो. स्क्रू, वॉशर, फडकी."

"मग स्क्रू लिही, वॉशर लिही, फडकी लिही. इतर म्हणजे काय, तुला लाज वाटते त्यांची?"

मला राग यायचा. खरंच यायचा. पुण्याच्या माणसाला अचूकपणा शिकवायचा म्हणजे काय! पण कागद मी पुन्हा लिहायचो, कारण त्या बाईशी वाद घालणं म्हणजे संध्याकाळची बस चुकवणं होतं.

दुसरं वेड गच्चीचं. बाहेर जाणाऱ्या मालाच्या प्रत्येक खेपेतला एक नग उचलून त्या गच्चीवर जायच्या आणि त्यातून बघायच्या. त्याशिवाय खोक्यावर सही नाही, शिक्का नाही. शेजारच्या कारखान्याच्या पाण्याच्या टाकीवर घारीनं घरटं केलं होतं. अक्का त्या घारीची चोच बघायच्या. चोचीवरचा पिवळा आणि काळा वेगळा दिसला तर माल पास. तपासणी विभाग होता, त्यांची यंत्रं होती, पण अक्का म्हणायच्या, "त्यांनी बघितलं ते त्यांच्या सहीला. माझ्या सहीला मी बघितलं पाहिजे." घारीला त्यांनी नाव ठेवलं होतं, इन्स्पेक्टरम्मा. एका पावसाळ्यात घरटं रिकामं दिसलं तेव्हा आठवडाभर त्या सगळ्यांवर खेकसत होत्या.

एकदा एक खोकं विमानतळावरच्या कार्गोत पोचलं आणि इकडं मोजदादीत कळलं, की त्यात एक आयपीस जास्त गेलाय. दुर्बिणीचं डोळ्याला लावायचं टोक, एवढंसं. कुणीही म्हणालं असतं, गेलं तर गेलं, गिऱ्हाईक खूश होईल. अक्का रिक्षा करून बोम्मसंद्र्याहून थेट विमानतळावर गेल्या. खोकं विमानाकडं निघालेलं होतं. ते माघारी फिरवायला लावलं, उघडलं, आयपीस काढला, पिशवीत टाकला. तिथले कस्टमचे अधिकारी थॉमससाहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "अक्का, एका भिंगासाठी?" त्यावर या म्हणाल्या, "कागदावर नाही ते खोक्यात नाही." त्या दिवसापासून थॉमससाहेबांनी आमचा माल उघडायचं सोडलं. बाकीच्यांची खोकी फोडून, उलटीपालटी करून, कधी अर्धी मोडून परत मिळायची. आमचा टेंपो लागला की आतून आवाज यायचा, "अक्कांचं खोकं? सोडा." ही अक्कांची कमाई. मुलीच्या मार्कांपेक्षा त्यांना या 'सोडा'चं कौतुक जास्त होतं. टेंपोवाला तर ते तीन शब्द नक्कल करून दाखवायचा आणि अक्का खोटं खोटं रागवायच्या.

मग दिवस फिरले. बाहेरच्या मालाला दारं उघडली आणि इथल्या शिवाजीनगरच्या फुटपाथवर दुर्बिणी कांदे-बटाट्यासारख्या ढिगानं विकायला आल्या. अक्कांनी त्यातली एक विकत आणली, गच्चीवर नेली आणि बराच वेळ घारीकडं बघत राहिल्या. खाली येऊन म्हणाल्या, "बरी आहे की मेली." त्यांनी ती दुर्बीण ड्रॉवरमध्ये टाकली ती पुन्हा काढली नाही. आमच्या ऑर्डरी आटत चालल्या. पॉलिशिंगमध्ये तीसेक बायका होत्या. त्यांची मुकादम रत्नम्मा आणि अक्का रोज डबा वाटून खायच्या. रत्नम्माचा मुद्दे, म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा, आणि अक्कांची आमटी. त्या सगळ्या बायका हळूहळू एक दिवसाआड कामावर यायला लागल्या. सरांनी जर्मनीचं नाव काढणं बंद केलं.

अशात ती ऑर्डर आली. सिंगापूरचा एक व्यापारी, बोलायला अत्यंत गोड. कुठल्याशा देशाच्या वनखात्याला जंगलातली जनावरं मोजायची आहेत, त्यासाठी दुर्बिणी हव्यात. रेखाटनं त्याचीच. माल मोठा, आणि हा पटला तर पुढं दुप्पट. कारखान्यात पेढे वाटले गेले. रत्नम्मानं अक्कांना फुलं आणून दिली, जणू ऑर्डर अक्कांनीच आणली होती. पॉलिशिंगची सगळी चाकं पुन्हा फिरू लागली. तो आवाज इतक्या दिवसांनी ऐकताना मलासुद्धा भरून आलं होतं, मी उगाच तिकडून चक्कर मारून यायचो.

मध्येच अक्का भाचीच्या लग्नाला तंजावरला जाऊन आल्या. आल्यावर त्यांनी नेहमीसारखा तयार मालातला एक नग उचलला आणि मला हाक मारली.

"पुणेकर, ये वर. हे स्वल्प वेगळं आहे."

दुर्बीण एका डोळ्यानं बघायची, जाड नळीची, वजनदार. खाली नळीच्या बुडाला धातूची एक लांब पट्टी, तिला खाच. कागदावर लिहिलं होतं, तिवईवर बसवण्यासाठी. अक्कांनी ऑफिसमधली तिवई गच्चीवर आणवली होती. कुठलीही तिवई घ्या, तिला वर एक स्क्रू असतो, तो दुर्बिणीच्या भोकात फिरवायचा. इथं भोकच नव्हतं. अक्कांनी ती खाच तिवईवर उभी, आडवी, तिरकी लावून बघितली.

"ही तिवईची नव्हे," त्या म्हणाल्या.

"मग कशाची?"

"ते बघूया की."

मग त्यांनी मला डोळा लावायला सांगितलं. समोर होसूर रोड, निलगिरीची झाडं, चहाची गाडी. आणि या सगळ्यावर काचेत कोरलेली एक आडवी रेघ, तिच्या वर उताराला लागलेली एक वाकडी रेघ, शेजारी आकडे. अक्कांनी मला समजावलं. समोरच्याचे पाय आडव्या रेघेवर ठेवायचे. डोकं वाकड्या रेघेला जिथं टेकेल तिथला आकडा म्हणजे तो किती लांब उभा आहे. जवळचा मोठा दिसतो, लांबचा लहान, एवढंच त्यातलं गणित.

"पण हे कधी बरोबर येईल?" त्यांनी विचारलं आणि माझी वाट न बघता स्वतःच उत्तर दिलं. "समोरच्याची उंची आधी ठाऊक असली तर. रेघ काढणाऱ्यानं कुणाची तरी उंची धरलीय. जनावरं मोजायची म्हणतात. बरं, कुठलं जनावर?"

रस्त्याकडेला विजेचे खांब होते. दोन खांबांत किती अंतर ते अक्कांना पाठ होतं, कारण लांबचं बघायच्या दुर्बिणी त्या त्यावरच तपासायच्या. ठरलेल्या खांबापाशी एक गाय चरत होती. अक्कांनी तिच्यावर रेघ लावली, आकडा वाचला आणि मान हलवली. खांबाचं अंतर आणि आकडा यांचा मेळ नव्हता. मग मला म्हणाल्या, "जा रे, त्या गाईशेजारी उभा राहा."

"अक्का, ऊन बघा जरा."

"जा म्हणते ना."

मी गेलो. शेणातून, काट्यांतून, शिव्या पुटपुटत गेलो आणि त्या गाईशेजारी ताठ उभा राहिलो. लांबवर गच्चीवर अक्का डोळा लावून बसलेल्या दिसत होत्या. मी गंमत म्हणून हात हलवला, चहावाल्यानंही हलवला. त्यांनी हलवला नाही. बराच वेळ त्या तशाच होत्या. मग नळी खाली ठेवली आणि मला येण्याची खूण केली.

वर पोचलो तेव्हा त्यांनी पदरानं चेहरा पुसला होता.

"गाय बसत नाही," त्या म्हणाल्या. "हरीण बसणार नाही, गवा बसणार नाही. तू बसलास. बरोब्बर. पाय खालच्या रेघेवर, डोकं वरच्या."

मला पहिल्यांदा काही कळलं नाही. मग कळलं, ती खाच बंदुकीवर बसवायची होती. भर दुपारी, गाईशेजारी उभं राहून मी हात हलवत होतो त्या काचेत!

बंदुकीवर चढवायची दुर्बीण देशाबाहेर पाठवायची तर दिल्लीची परवानगी लागते. ती मागितली की पहिला प्रश्न येतो, कोण वापरणार? व्यापाऱ्याकडं त्याचं उत्तर नव्हतं, किंवा होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून बंदुकीचं नाव काढायचं नाही. वनखातं म्हणायचं, तिवई म्हणायचं, आधी सिंगापूरला न्यायचं आणि तिथून पुढं कुठं ते कुणी विचारायचं नाही. वस्तू तीच, फक्त नाव दुसरं. अक्कांच्या हयातभराच्या वेडाला कुणीतरी असं नेमकं टाचेखाली घेतलं होतं.

त्या तशाच सरांच्या केबिनमध्ये गेल्या. दार लावायची त्यांना सवय नव्हती. दोघं कन्नडमध्ये बोलत होते, आणि एव्हाना मला ते समजायला लागलं होतं.

"सर, ही रेघ माणसाची आहे."

आत कागद चाळल्याचा आवाज आला.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"सुमित्रा, मी भिंग करतो," सर म्हणाले. "त्यातून कोण काय बघतो ते माझ्या हातात आहे काय?"

"भिंगापुरतं ठीक होतं. पण रेघ कुणाची उंची धरून काढलीय ते तुम्हाला ठाऊक होतं. दिल्लीला विचारूया की."

"ते नाही म्हणतील. कोण वापरणार म्हणून विचारतील."

"मग आपण का विचारत नाही?"

सरांचा आवाज चढला. तसा मी कधी ऐकला नव्हता. "हा माल गेला नाही तर पुढच्या महिन्यात रत्नम्माला काय सांगू? तू सांगशील? आणि आता अडवून उपयोग काय? नमुन्याची दोन खोकी तर गेलीत!"

"कुठली खोकी?"

मी कॅल्क्युलेटरवर उगाच बटणं दाबत होतो.

"तू तंजावरला होतीस तेव्हा," सर म्हणाले. आता आवाज अगदी खाली आला होता. "शिक्का तुझ्या ड्रॉवरमध्येच होता. कार्गोत कुणी उघडलं नाही. तुझं नाव बघितलं आणि सोडली."

बघितल्याशिवाय सही न करणारी बाई लग्नाला जाताना ड्रॉवरला कुलूप लावून गेली नव्हती. का लावावं? सरांच्या कारखान्यात, सरांपासून? त्या माणसापासून, जो जमिनीवर बसला होता? त्या मालाला दुसरी पळवाट शोधायची गरजच पडली नव्हती. पळवाट म्हणजे अक्का होत्या.

त्या बाहेर आल्या, पाणी प्यायल्या, ड्रॉवर उघडून शिक्का हातात घेऊन बसल्या. मी म्हटलं, "अक्का, सही करू नका, संपलं." त्यांनी माझ्याकडं एखाद्या शाळकरी पोराकडं बघावं तसं बघितलं.

"मी नाही केली तर कुणीतरी करेल. मी नोकरी सोडली तर माझं नाव इथंच राहील. तिथं खिडकीत माझं नाव दिसलं की सोडा म्हणतात रे ते."

"आणि रत्नम्मा? त्या तीस बायका?"

"मला ठाऊक नाही काय?" त्या एकदम ओरडल्या. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. "तिच्या हातचं रोज खाते मी. मला ठाऊक नाही काय?" आणि त्यांचे डोळे भरले. त्यांना रडताना मी तेवढंच बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपो भरला. अक्का सरांपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "माल मी घेऊन जाते. त्याला मी त्याच्या नावानं हाक मारणार आहे, सर. सांगून जाते." सर त्यांना थांबवू शकले असते. टेंपो त्यांचा, माल त्यांचा, वॉचमन त्यांचा. त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं आणि तसेच उभे राहिले. का थांबवलं नाही, याचा मी आजही विचार करतो. माझं मन म्हणतं, की त्यांनाही कुणीतरी अडवायला हवं होतं.

मी टेंपोत अक्कांशेजारी बसलो. सगळा रस्ता त्या पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. गजरा नव्हता, तेही मला तिथं बसल्यावर लक्षात आलं. कार्गोत टेंपो लागला, आणि आतून तोच आवाज आला, "अक्कांचं खोकं? सोडा."

अक्का खिडकीपाशी गेल्या. पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी फळीवर ठेवला.

"सार, आज माझं खोकं तेगीरी."

थॉमससाहेब हसले. "अक्का, तुमचं कधी उघडलंय का मी?"

"म्हणूनच सांगते. उघडा."

साहेबांचं हसू जागच्या जागी विरलं. त्यांनी खोकं उघडवलं, एक नळी हातात घेतली, फिरवून बघितली, डोळ्याला लावली. अक्कांनी त्यांना खाच दाखवली, रेघा दाखवल्या, मला दाराशी उभं करून पुन्हा तोच प्रकार करून दाखवला. मला काही तिथून हलता येईना. साहेबांनी नळी खाली ठेवली आणि विचारलं, "याआधी असलं काही गेलंय?"

इथं त्या गप्प राहू शकल्या असत्या. सगळं वाचलं असतं हो! माल अडवणारी बाई म्हणून वरून शाबासकी मिळाली असती. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बोलू नका, अक्का, आता बोलू नका.

"गेलंय," त्या म्हणाल्या. "दोन खोकी. माझ्या नावावर. तुम्ही उघडली नाहीत."

थॉमससाहेबांचा चेहरा मला अजून आठवतो. ते रागावले नाहीत. दुखावले. "अक्का," एवढंच म्हणाले आणि फोनकडं वळले.

पुढं चौकशा झाल्या. अक्कांच्या झाल्या, सरांच्या झाल्या, चार प्रश्न मलाही विचारले. थॉमससाहेबांची बदली झाली. सरांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं, अक्कांवर काही येऊ दिलं नाही, हेही लिहायला हवं, कारण माणूस वाईट नव्हता. ऑर्डर गेली, सिंगापूरचा तो गोड आवाज फोनवर यायचा बंद झाला, आणि ती दोन खोकी कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही. वर्ष सरायच्या आत कारखान्याला टाळं लागलं. शेवटच्या दिवशी बायका गेटातून बाहेर पडत होत्या तेव्हा अक्का तिथं येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं होतं, येऊ नका. रत्नम्मा समोरून आली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती थांबली, पदर सावरला आणि म्हणाली, "बरते, मॅडम." येते, मॅडम. इतकी वर्षं जी अक्का होती तिला मॅडम. मागच्या बायकाही तसंच म्हणत गेल्या. मॅडम, मॅडम. अक्का प्रत्येकीला मान हलवत उभ्या होत्या.

मी इंदिरानगरला एका कॉम्प्युटर कंपनीत लागलो. पगार वाढला, मराठी बिघडली, घरमालकाला मी नकळत 'बरं, बरं'च्या जागी "सरी, सरी" म्हणायला लागलो. अक्कांकडं सुरुवातीला जायचो, मग फोन, मग तेही राहिलं.

बऱ्याच वर्षांनी कंपनीच्या एका यंत्राचा सुटा भाग परदेशी पाठवायला मी पुन्हा कार्गोत गेलो. खिडकीशी रांग होती. पुढं एक उंच बाई, पोस्टमनसारखी पिशवी खांद्याला. केस पांढरे झाले होते. त्यात गजरा होता आणि तो बघून मला एवढा आनंद झाला, की मी रांग मोडून पुढं गेलो.

"काय पुणेकर," त्या म्हणाल्या, "झालास की नाही राव?"

शिवाजीनगरच्या एका माणसाकडं त्या लागल्या होत्या. तो लाकडी खेळणी परदेशी पाठवायचा. बैलगाड्या, भोवरे, मान हलवणाऱ्या बाहुल्या. एक नवा, कोवळा अधिकारी त्यांची खोकी एकेक करून उघडत होता. बाहुल्या बाहेर, गवत बाहेर, पुन्हा आत. अक्का स्वतःच स्क्रूड्रायव्हर पुढं करत होत्या.

"आता सगळी उघडतात," त्या म्हणाल्या. "बरं आहे."

मला सर कसे आहेत ते विचारायचं होतं. अक्का तेच सांगायला लागल्या. सर थकलेत, त्या अधूनमधून भेटायला जातात, डबा नेतात. "मी पण जमिनीवर बसते," असं म्हणून हसल्या. रत्नम्माचं मी विचारलं. त्यांनी नकाराची मान हलवली.

मग खोकं बांधता बांधता, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पेपरात कुठल्या लढाईचा फोटो आला ना, की माणसांचे चेहरे मला दिसतच नाहीत रे. मी बंदुका बघते. वर काय चढवलंय ते बघते. ती पट्टी दिसते का म्हणून भिंग लावून बघते. मुलगी ओरडते मला."

"अक्का, दोन खोक्यांतले नमुने ते. किती असतील?"

"असतील तेवढ्यांपुढं माणसं उभी असतील की," त्या म्हणाल्या. "तू उभा होतास तशी."

मागं रांगेतले लोक कुरकुरायला लागले होते. कोवळ्या अधिकाऱ्यानं घड्याळाकडं बघितलं, कपाळावरचा घाम पुसला. एक खोकं उरलं होतं, सगळ्यांत खालचं. त्यानं अक्कांच्या पांढऱ्या केसांकडं बघितलं, आणि एवढी खोकी उघडल्यावर कुणाचाही बसावा तसा त्याचा त्यांच्यावर विश्वास बसला.

"होग्ली बिडी, अक्का," तो म्हणाला. जाऊ द्या. "हे राहू दे. तुमचं कळलं मला."

अक्का शब्द ऐकला आणि मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा क्षणभर इतका उजळला, की मला वाटलं, आता झालं, मिळालं बाईला परत. पण तेवढ्यात त्या खाली वाकल्या. गुडघ्यावर हात टेकून, जरा कण्हत त्यांनी ते शेवटचं खोकं ओढून वर घेतलं, फळीवर ठेवलं आणि स्क्रूड्रायव्हर त्या पोराच्या हातात दिला.

"नाही रे राजा," त्या म्हणाल्या. "हे पण तेगीरी."